चौथी दोरी

१

मेलेल्या माणसांना ओळीने बसवायचं, हे माझं काम. सत्तावीस वर्षं नोंदणी कचेरीत जन्म-मृत्यू लिहिले. निवृत्त झाले, नवरा गेला, घर खायला उठायला लागलं, तेव्हा लोकांच्या वंशावळी जुळवून द्यायला घेतल्या. कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून पत्रं येतात: आमचे पूर्वज किल्ल्यात राहत होते का, जरा बघा. बहुतेकांचे गोठ्याशेजारी राहत होते. तेही मी गोड शब्दांत कळवते.

सत्याऐंशीच्या ऑक्टोबरात, एका सोमवारी सकाळी, मी पेन्सिलींना टोकं काढत बसले होते आणि फोन वाजला. किलमॉर्चीच्या वाड्यातून ग्रिझल डलकार्न बोलत होती. आमच्या खोऱ्यात डलकार्न म्हणजे जमीनदार. नजर जाईल तिथवरची हेदरच्या झुडपांची टेकाडं त्यांची, गिरणी त्यांची, चर्चमधला पुढचा बाकसुद्धा त्यांचा. तिचे वडील ह्यू डलकार्न आदल्या दिवशी गेले होते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खुर्चीत बसल्या बसल्या.

"मिसेस टॉश, तुम्हाला एक माणूस शोधता येईल का? शुक्रवारच्या आत."

"मेलेला की जिवंत?"

"जिवंत असावा अशी आशा आहे," ती म्हणाली. "त्याला बाबांची दोरी धरायची आहे."

आमच्याकडे शवपेटी खड्ड्यात उतरवतात ती आठ दोऱ्यांवर. दोऱ्यांना नंबर असतात. एक उशाशी, दोन पायथ्याशी, तीन आणि चार खांद्यांपाशी, बाकीच्या खाली. कुणी कुठली धरायची ते आधी ठरतं, छोट्या कार्डावर छापून ज्याच्या त्याच्या हातात दिलं जातं. या यादीवरून भाऊ भावाशी वर्षानुवर्षं बोलत नाहीत. शहाणी माणसं म्हणूनच ती जिवंतपणी स्वतः लिहून ठेवतात, तशी ह्यू डलकार्ननी लिहून ठेवली होती. पहिली दोरी मुलाला, निनियनला. दुसरी ग्रिझलला. तिसरी एका चुलतभावाला.

चौथीपुढे लिहिलं होतं, आर्चिबाल्ड मोन.

"कोण हा?" मी विचारलं.

"तेच तर! मला माहीत नाही. निनियनला माहीत नाही. इथे कुणालाच माहीत नाही."

२

मंगळवारी मी किलमॉर्चीला गेले. ग्रिझलने स्वतः दार उघडलं. सेहेचाळीस वर्षांची उंच, हाडकुळी बाई, कोपरावर ठिगळ लावलेला बापाचा स्वेटर घातलेला. रडून नाक लाल झालं होतं, पण पाठ ताठ.

जिना चढताना ती म्हणाली, "तुम्हाला हा वेडेपणा वाटत असेल. पण बाबांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही हो. हे एकच लिहून ठेवलं. आई गेली तेव्हा निनियन सहा वर्षांचा होता, मी अकराची. मीच त्याला वाढवला. आता तो न्यूझीलंडहून येतोय. बाबा गेले, आता माझं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलंय. त्याच्यासमोर तरी बाबांना नीट पोचवावं एवढंच वाटतं मला."

मी तिच्या हातावर थोपटलं. मला ती आवडली, हे सांगूनच टाकते.

कागदपत्रांची खोली बुरुजात होती. दगडी भिंती, एक अरुंद खिडकी, टेबल, आणि जमिनीपासून छतापर्यंत पत्र्याच्या काळ्या पेट्या. प्रत्येकीवर पांढऱ्या अक्षरात साल. दोन तास मी शेतांची खंडपत्रं उलटली आणि मग अंत्यविधींचा लिफाफा सापडला. एका सुतळीत बांधलेली जुनी कार्डं.

१९५२, ग्रिझलची आई. चौथी दोरी, आर्चिबाल्ड मोन.

१९३८, तिचे आजोबा. चौथी दोरी, आर्चिबाल्ड मोन.

१८८९. १८६६. हस्ताक्षरं निराळी, शाई निराळी, नाव तेच.

माझा जीव भांड्यात पडला. घाबरले असेन असं वाटलं का तुम्हाला? छे! आमच्याकडे थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव देतात. आर्चिबाल्डचा नातू आर्चिबाल्ड, त्याचा नातू पुन्हा आर्चिबाल्ड. एकेका घरात एकाच नावाची चार-चार माणसं मी स्वतः ओळीने बसवली आहेत. कुणीतरी जुनं, इमानी कूळ असणार आणि मालकांनी त्यांना हा मान दिलेला असणार. झालं.

फक्त एक गोष्ट. नाव उतरवून घेताना मी १८६६च्या कार्डावरून बोट फिरवलं. कार्ड कोरडं खडखडीत होतं. चौथ्या ओळीपाशी बोट ओलं झालं. पुसलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा ओलं. बाकीच्या कार्डांवरही तेच, बरोबर त्याच ओळीत. जुना बुरुज, ओल धरणारच, असं म्हणून मी ती कार्डं पुन्हा सुतळीत बांधली.

३

बुधवार मी नोंदींमध्ये घालवला. जन्म नाही. लग्न नाही. मृत्यू नाही. चर्चच्या जुन्या वह्यांत बाप्तिस्मा नाही. एडिंबरोच्या दप्तरखान्यातल्या ओळखीच्या बाईला फोन करून तिला दिवसभर कामाला लावलं. संध्याकाळी ती वैतागून म्हणाली, "युफेमिया, हा माणूस कुठेच जन्मलेला नाही." शेवटी १८४१च्या शिरगणतीत, गिरणीपाशी, एक ओळ मिळाली: 'ए. मोन, पाहुणा'. वयाच्या रकान्यात काही नाही.

आता माझी चूक ऐका. कागदाशिवाय चौकट काढायची नाही, हे मी इतरांना शिकवत आले. त्या संध्याकाळी मी थकले होते, ग्रिझलच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मला दिसत होती, आणि खरं सांगायचं तर हरले असं म्हणवत नव्हतं. मी एका पांढऱ्या कागदावर तीन चौकटी काढल्या. आजोबा, नातू, नातवाचा नातू. तिन्ही आर्चिबाल्ड. खाली सुबक अक्षरात लिहिलं: वंश खुंटला.

त्याच रात्री मी किलमॉर्चीला गेले. ग्रिझलने तो कागद दोन्ही हातांनी धरला. "म्हणजे आता कुणी नाही?"

"कुणी नाही. तुमच्या वडिलांनी सवयीने नाव लिहिलं. तुम्ही ती दोरी खुशाल कुणालाही द्या."

ती किती हलकी झाली म्हणून सांगू! चहा ओतताना पहिल्यांदा हसली. "मग तुम्हीच धरा, मिसेस टॉश. या आठवड्यात बाबांसाठी तुमच्याइतकं कुणी राबलं नाही."

कुणा जमीनदाराची दोरी आमच्या घराण्यात आजवर कुणी धरली नव्हती. माझे वडील तर त्यांच्या मेंढ्या हाकत होते. मी मानेने हो म्हटलं, आणि घरी जाताना गाडीत गुणगुणत होते, हेही कबूल करते.

४

गुरुवारी सकाळी मी चर्चमध्ये गेले, कुठे उभं राहायचं ते विचारायला. वॉटीकाका फरशी पुसत होता. चौऱ्याऐंशी वर्षांचा. पन्नास वर्षं त्याने तिथली घंटा वाजवली, थडगी खणली, आणि लहानपणी सफरचंदं चोरताना मला दोनदा पकडलं.

"अगं युफे, तू? चौथी?" त्याने फडकं बादलीत टाकलं. "कुणी सांगितलं तुला?"

"ग्रिझलबाईंनी. का? मेंढपाळाच्या पोरीला चालत नाही का?"

"चेष्टा नको. चौथी कुणी धरत नाही."

"मग इतकी वर्षं मोन कुठे उभे राहत होते?"

म्हातारा खाली बाकावर बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. वरती कुठेतरी पावसाचं पाणी पन्हळीतून टपटपत होतं.

"नाव पुकारायचं," तो म्हणाला. "दोरी गवतावर सोडायची. सगळ्यांनी आपापल्या बुटांकडे बघायचं. मी अडतीस साली होतो, बावन्न सालीही होतो."

"आणि दोरी?"

"जाते."

"जाते म्हणजे? कोण सोडतं ती?"

"सांगितलं ना, मी बुटांकडे बघत होतो."

"काका, पेटीच्या वजनाने ओढली जात असेल ती. साधी गोष्ट आहे."

"वजनाने ओढली तर झर्रकन जाईल, पोरी." त्याने हवेत दोन्ही मुठी धरल्या आणि एकामागून एक, सावकाश, हात बदलत दाखवलं. "अशी जाते. बाकीच्या सातांबरोबर. एका लयीत."

मी हसले. माझं मलाच ते हसू खोटं वाटलं.

"अन् कुणी धरलीच तर?"

"ते मी बघितलेलं नाही. माझ्या बापाने बघितलं होतं, बारा साली. त्याने मरेपर्यंत तोंड उघडलं नाही. तू आजारी पड उद्या. पोट दुखतंय म्हण. शाळेत म्हणायचीस तसं."

५

बारा साल! लिफाफ्यात १९१२चं कार्डच नव्हतं.

मी तडक किलमॉर्चीला गेले. ग्रिझल निनियनला आणायला स्टेशनवर गेली होती. बुरुजात चढले, बारा साल लिहिलेली पेटी काढली. तळाशी दोन कार्डं होती, पाठीला पाठ लावून, चारी कडांनी लाख लावून बंद केलेली. मी ती सुरीने सोडवली.

एक मार्चमधलं, ग्रिझलच्या पणजोबांचं. चौथ्या ओळीतलं आर्चिबाल्ड मोन हे नाव खोडलं होतं आणि वर लिहिलं होतं, ल्युडोविक डलकार्न. घरातला एक नातू. त्याचं नाव मी बुधवारीच लिहून घेतलं होतं: वय बावीस, मृत्यूचं कारण 'समजले नाही'.

दुसरं कार्ड एकोणीस दिवसांनंतरचं. ते ल्युडोविकचं होतं. चौथी दोरी, आर्चिबाल्ड मोन.

मी खुर्चीत बसले. डोकं अजून भांडत होतं. बावीस वर्षांची पोरं तेव्हा पटापट मरायची. पावसात तास-दोन तास उघड्यावर उभं राहिलं, छातीत थंडी भरली, संपलं. एकदाच घडलेल्या गोष्टीवरून कुणी निष्कर्ष काढतं का? मी तरी काढू देत नसे.

तेवढ्यात पेट्यांच्या मागून आवाज आला. फरशीवरून काहीतरी ओढल्यासारखा. एक हातभर ओढलं, थांबलं. पुन्हा एक हातभर, पुन्हा थांबलं. गरम पाण्याच्या नळात हवा अडकली की असा आवाज होतो, असं मी मोठ्याने म्हणाले. आवाज थांबला. मग मला दिसलं, त्या खोलीत नळ नव्हते.

दोन्ही कार्डं पर्समध्ये टाकून मी जिना उतरले तेव्हा खाली मोटार थांबत होती. निनियन उतरला. एक्केचाळीस वर्षांचा दांडगा, उन्हाने रापलेला गडी. ग्रिझल त्याच्या कोटाची कॉलर सरळ करत होती आणि तो म्हणत होता, "पुरे गं ताई, मला टक्कल पडायला लागलंय आता!" दोघं रडतही होती, हसतही होती.

तिथेच सांगायला हवं होतं. काय सांगणार होते? बाई, मी दिलेला कागद खोटा आहे, तीन चौकटी मी मनाने काढल्या, आणि आता म्हातारा वॉटी म्हणतो म्हणून दोरी गवतावर सोडा? मला लाज वाटली. मी मनाशी म्हटलं, दोरी धरायची आहे ती मलाच. मी काही डलकार्न नाही. मला काय होणार?

"बाई, वंशावळवाल्या त्या तुम्हीच ना?" निनियनने माझा हात धरून जोरात हलवला. "ताईने फोनवर तुमचं फार कौतुक केलं."

६

शुक्रवारी दुपारी बाराला आम्ही थडग्यापाशी उभे होतो. झिमझिम चालू होती. पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली, मग अंत्यविधीवाल्याने कार्डं बघून नावं पुकारली.

"एक. निनियन डलकार्न." तो उशाशी गेला.

"दोन. ग्रिझल डलकार्न." ती पायथ्याशी, भावाच्या बरोबर समोर.

"तीन." चुलतभाऊ पुढे झाला.

"चार. मिसेस युफेमिया टॉश."

मी पुढे झाले. वॉटीकाका चर्चच्या भिंतीला टेकून उभा होता, आणि तो आतापासूनच बुटांकडे बघत होता. मी काळी दोरी उचलली, तळव्याभोवती एक वेढा घेतला. दोरीच्या टोकाला रेशमी गोंडा होता, तो माझ्या मनगटावरून खाली लोंबत राहिला. निनियन माझ्या उजव्या हाताला, दीड पावलावर. आठवी दोरी उचलली गेली, खालच्या फळ्या काढल्या, आणि पेटी आमच्या हातांवर आली.

वजन आलंच नाही.

इतरांच्या हातांच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसत होत्या. चुलतभाऊ दात आवळून उभा होता. माझी दोरी पेटीपर्यंत तारेसारखी ताठ होती, पण माझ्या हातांवर काहीच भार नव्हता. मला वाटलं, नशीब, खांद्याकडे वजन कमी असेल. मग मी मनगटाकडे पाहिलं. गोंडा लोंबत नव्हता. दोरीचं टोक माझ्या मुठीतून निघून माझ्या खांद्यावरून मागे गेलं होतं, आणि तेही ताठ होतं.

माझ्यामागे कुणी नव्हतं. मी उभी राहताना नीट पाहिलं होतं, मागे फक्त गवत होतं.

पेटी उतरायला लागली. सगळे हात बदलत दोरी सोडू लागले. मी काहीच करत नव्हते, तरी दोरी माझ्या मुठीतून सरकत होती. एक हातभर, थांबली. एक हातभर, थांबली. कानापाशी कुणीतरी श्वास घेतला. घाईत नसलेल्या माणसाचा श्वास. मी मान वळवली नाही, देवाशपथ वळवली नाही, पण डोळ्याच्या कोपऱ्यात येतं ते येतंच. एक बाही दिसली. तपकिरी, चिंब ओली. बाहीतून बाहेर आलेली बोटं दोरीवर होती. आणि ती बाही माझ्या डोक्याच्या वरून, फार उंचावरून खाली आली होती.

मी दोरी सोडली. सोडली म्हणजे झटकून टाकली, हातावर पाल पडावी तशी.

पेटी एकदम कलली. ग्रिझल किंचाळली, "बाबा!" निनियनने उजव्या हातात आपली दोरी धरूनच डावा हात लांब केला आणि चौथी दोरी पकडली. "धरली! धरली मी!" तो ओरडला. पेटी सावरली. ती हळूहळू, सरळ, तळाशी जाऊन टेकली.

मी चिखलात गुडघ्यांवर बसले होते. निनियन माझ्याकडे बघत नव्हता. तो माझ्यामागे, जरा वर बघत होता. त्याने कुणाला तरी अदबीने मान लववली आणि त्याचे ओठ हलले.

७

वर घरात बार्लीचं सूप होतं, मांस भरलेल्या करंज्यांसारख्या पेस्ट्र्या होत्या, शॉर्टब्रेडची बिस्किटं आणि व्हिस्की होती. खिडकीतून पांढरा उजेड येत होता. लोक मोठमोठ्याने बोलत होते, जसे अशा वेळी बोलतात. मला कुणीतरी शेकोटीपाशी बसवून हातात कप दिला होता.

निनियन माझ्यासाठी व्हिस्की घेऊन आला. "प्या हो बाई! घाबरवलंत तुम्ही आम्हाला. बाबा असते तर म्हणाले असते, मेल्यावरसुद्धा सरळ झोपू देत नाहीत." त्याच्या डाव्या तळव्यावर दोरीचा वळ उमटला होता. वळ ओला दिसत होता. तो हात सारखा पँटला पुसत होता.

ग्रिझल किटली घेऊन आमच्यापाशी आली. ती चहा ओतायला वाकली आणि थांबली.

"निनियन, तू खड्ड्यापाशी कुणाशी बोलत होतास?"

"तो माणूस नव्हता का, बाईंच्या मागे? यांनी दोरी टाकली तेव्हा त्यानेच तर माझ्या हातात दिली. नाहीतर माझा हात पोचला असता होय! मी थँक्यू म्हटलं."

"मला कुणी दिसलं नाही," ग्रिझल म्हणाली. "मी समोर होते तुझ्या."

"एवढा उंच माणूस दिसला नाही? ताई, चष्मा बदल तू."

मी पर्स घट्ट धरली. आत ती दोन कार्डं होती. "काही बोलला का तो?" मी विचारलं.

"नाव विचारलं. मी सांगितलं."

"सगळं?"

"बापाच्या मातीला उभं राहून खोटं नाव सांगू का? सगळं सांगितलं. मग जन्मतारीख विचारली." तो माझ्याकडे बघून हसला. "मला वाटलं, तुमच्याबरोबरचाच असेल, वंशावळवाला. म्हणून तीही सांगितली."

"मग?" ग्रिझलने विचारलं.

"मग काही नाही. कामाचा माणूस दिसला. म्हणाला, दुसरी तारीख त्याच्याकडे आहे."

तो पुन्हा हसला. आम्ही दोघी हसलो नाही, तसं त्याचं हसू हळूहळू विरलं. ग्रिझलने किटली खाली ठेवली आणि भावाची बाही धरली, लहान पोराला रस्त्याकडेला धरतात तशी, मुठीत गोळा करून. मग ती माझ्याकडे बघू लागली. काहीतरी सांगाल ना, असं तिच्या डोळ्यांत स्वच्छ लिहिलं होतं, आणि मी मान खाली घातली.